सुई लावली की पसरतो म्हणे
सुईच्या धास्तीने गळ्याची गाठ न तपासताच घरी जायचं ठरवून गवंडी दवाखान्यातल्या बाकावरून उठला, तेवढ्यात शेजारच्या दोघी बहिणींची जुंपली.

“तपासायला गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणे.”

“ताई, किती वेळा तेच सांगू? गाठीतली कॅन्सरची पेशी आपणहून सुटते, रक्तात शिरते आणि वाहत जाऊन हाडात नाहीतर फुप्फुसात ठाण मांडते. सुईवाचून तिचं काही अडत नाही!”

“पण भावोजी म्हणाले...”

“ते डॉक्टर आहेत?”

“घरात सगळे त्यांचं ऐकतात.”

“पेशी ऐकते का त्यांचं?”

आतून हाक आली, तशी ताई उठली.

“चल. पण डॉक्टरांसमोर तोंड बंद ठेव.”

मागून गवंड्याने विचारलं, “बाई, तुमच्यानंतर माझाच नंबर ना?”