ओढ्याकाठचा हादगा

ऐका. आणि तो कंदील जरा बारीक करा, डोळ्यांवर येतोय.

कोंडाबाईची सून हौसा. आजारी आईला भाकरी देऊन दिवस बुडाल्यावर वाडीकडं परत निघाली. एकटीच. घरी झोळीत अंगावर पिणारं लेकरू. ते रडून रडून बेजार झालं असणार, आणि सासू तरी त्याला काय पाजणार? म्हणून हिनं सडक सोडली आणि ओढ्याची मधली वाट धरली.

ओढा ओलांडला, तर माळावर हादगा चाललेला. मधे एक म्हातारी डबा घेऊन बसलेली, भोवती बाया हात धरून फेर धरतायत. आता हौसाची खोड अशी, की कुठं चार बाया गायला लागल्या, की हिचं तोंड गप्प बसायचं नाही. लग्नात म्हणा, भांगलणीला म्हणा. चालता चालता हिनं ओळ उचलली. एकच ओळ हो!

फेर उघडला. दोन्हीकडून दोन हात आले. हिचे हात धरले. फेर मिटला.

"एवढं एकच म्हणते हं बायांनो," हौसा म्हणाली, "लेकरू उपाशी आहे माझं."

फेर फिरतच राहिला. एक गाणं संपलं की दुसरं. हिनं कधी न ऐकलेली गाणी, तरी शब्द हिच्या तोंडातून बिनचूक येतायत. हात ओढून बघितला, सुटेना. ओरडायला गेली, तर ओरडणंसुद्धा सुरात निघालं. हसतोस काय रे दगडू? तू असतास तर कळलं असतं.

मग म्हातारीनं डबा वाजवला. "ओळख खिरापत."

तुम्हा पोरांना सांगते, हादग्याला प्रसाद झाकून ठेवतात. आवाजावरून ओळखायचा. ओळखला की फेर मोडायचा आणि वाटून खायचं. नाही ओळखला, तर अजून गाणं.

आत बारीक खुळखुळलं. "फुटाणे," हौसा म्हणाली. नाही. फेर सुरू. पायाकडं बघते तर बोटांत जोडवी नाहीत.

पुन्हा डबा वाजला. आत किणकिण. "खडीसाखर?" नाही. मनगटात बांगड्या नाहीत.

तिसऱ्यांदा म्हातारीनं डबा नुसता हिच्या कानाशी धरला. आतून गाणं येत होतं. हौसाच्याच गळ्यातलं. तेव्हा तिला उमगलं, की थोडी थोडी करून आपण त्या डब्यात चाललोय. बाई घाबरली, पण लेकरासाठी तिनं जीव एकवटला. घशातून नुसता वारा आल्यासारखं म्हणाली, "खिरापत मीच."

म्हातारीनं मान हलवली. ओळखली होती की! वाटा घ्यायला सगळ्या बायांनी ओंजळी पुढं केल्या, आणि ओंजळ करायची तर हात सोडावेच लागतात. हौसा पळाली. काटेकुटे तुडवत, मागं न बघता, घरात येऊन पडली.

लेकराला पदराखाली घेतलं. ते प्यालं, पण काही केल्या निजेना. अंगाई म्हणायला तिनं तोंड उघडलं, तर आवाजच नाही. आणि ओढ्याकडून अंगाई ऐकू आली. तोच गळा, तीच माया. लेकरू गप्प झालं, आईच्या मांडीवरून मान वळवून तिकडं बघत हसलं.

हौसा मरेपर्यंत मुकी राहिली.

तेव्हा ती मधली वाट धरू नका. सडकेनं वेळ लागतो, लागू दे.