पौषातला कूलर

शकुंतलाबाई : हात काढा भाऊजी. बटन मीच बंद केलं, अन् आता ते बंदच राहीन.

ताराचंद : वहिनी, तुले समजत नाई वं. घंटाभर कूलर बंद राह्यला तं सारा वास घरात भरते. मंग अख्ख्या हिंगणीले मालूम होईन.

शकुंतलाबाई : मालूम व्हाचं राह्यलं काय? पौष महिना हाय. लोक दारापुढं शेकोट्या पेटवून बसले, नत्थूजी कानाले गमछा बांधून दूध आणाले जाते, अन् आपल्या मागच्या भिंतीतून कूलर घरघर करून राह्यला! कोणाले वारा घालून राह्यले तुमी? नाल्याले?

ताराचंद : धीरे बोल ना.

शकुंतलाबाई : धीरे काऊन बोलू? माह्यं घर हाय हे. तुमचे दादा गेले तवा माह्यं नाव लागलं याले. ही खोली तुमाले कांद्याचं बी ठेवाले दिली होती. आज कुलूप तोडून पाह्यलं, तं आत गांजाची झाडं, छातीएवढी! वरचे कवेलू काढून काचा बसवल्या, अन् मले सांगतलं का माकडानं फोडले. देवाच्यानं, त्या माकडाले मी महिनाभर शिव्या देल्या!

ताराचंद : पाच-पंचवीस तं झाडं हाय. आपल्या आज्याचा इंग्रजाच्या वखतात गांजाचा सरकारी ठेका होता. लोक त्याले वाकून रामराम करे. झाड तेच हाय, धंदा तोच हाय. कायदा सरकारनं बदलवला, मी नाई.

शकुंतलाबाई : आजा दिवसाढवळ्या दुकानात बसून विकत होता. विधवा भावजयीच्या घरात खिडकीले बारदाना कोंबून नाई! अन् तो बोकड? दिवाळीपासून सांगता, नवसाचा हाय. नवसाचा बोकड खोलीच्या दाराशी कोण बांधते?

ताराचंद : बोकडाच्या वासापुढं दुसरा वास चालत नाई, म्हणून बांधला.

शकुंतलाबाई : नाईच चालत! माह्या पापडाईले बोकडाचा वास लागला. शेजारची पंचफुला चहा प्याले बसली, तं नाकाले पदर लावून उठली. गावभर सांगत फिरली का शकुंतलाबाईच्या घरात काईतरी मरून पडलं.

ताराचंद : पण गांजाचं नाव नाई ना घेतलं कोणी? कूलरच्या ताट्याईले वाळा लावला मी. ओला वाळा. वास त्यातून बाहेर पडला का कसा थंडगार होऊन जाते. त्याले डोकं लागते वहिनी.

शकुंतलाबाई : जळो ते डोकं! वासाचा संशय कोणाले आलाच नाई. आज सकाळी लक्ष्मणरावानं मले नळावर हटकलं. पोलीस पाटील माणूस, पण त्यानं वासाचं काई नाई विचारलं. तो म्हणे, "बाई, भर थंडीत तुमचा कूलर काऊन चालते?" वास झाकाले म्हणून कूलर लावला, अन् त्या कूलरनंच गावात दवंडी देल्ली.

ताराचंद : मंग तू काय सांगतलं?

शकुंतलाबाई : काय सांगू? मलेच ठाऊक नव्हतं. तो म्हणे, दिवस कलला का जमादाराले घेऊन चक्कर मारतो.

ताराचंद : आज?

शकुंतलाबाई : आज. म्हणून तं कुलूप तोडलं मी. उपटा सारं, आताच्या आता. चुलीत घाला.

ताराचंद : चुलीत? धूर निघन तं पार गावाबाहेरच्या धरणापर्यंत वास जाईन! अन् पंधरा दिवस राह्यले वं फक्त. तोंडाशी आलेला घास हाय.

शकुंतलाबाई : घास तुमच्या तोंडाशी, अन् बेड्या माह्या हाताले! घर कोणाच्या नावानं हाय?

ताराचंद : कोणालेच बेड्या नाई पडत. मले सुचलं. ऐक. कूलर चालूच ठेवू. खोलीले दुसरं कुलूप लावतो. तू जमादाराले एवढंच सांगजो, का माह्या सासूले वाऱ्याची लय आवड होती. तिले जाऊन साल नाई झालं. साल होईपर्यंत तिच्या खोलीत वारा चालू ठेवाचा, असा आमचा नेम हाय. मेलेल्या माणसाच्या खोलीत तो पाय नाई टाकणार. तू सांगशीन तं मानतीनच. तू खोटं बोलत नाई, हे साऱ्या गावाले मालूम हाय.

शकुंतलाबाई : काय म्हणले तुमी?

ताराचंद : मायले वाऱ्याची आवड होती, असं...

शकुंतलाबाई : आवड? जीव जाऊन राह्यला होता तिचा! जेठ महिना, उन्हाची लू लागलेली. ओला गमछा अंगावर टाकला का लगेच वाळे. "शकुंतले, कूलर लाव वं", एवढंच म्हणत होती. मी तुमच्या मागं मागं फिरली. काय सांगतलं होतं तुमी मले?

ताराचंद : मोटर जळली होती तवा.

शकुंतलाबाई : अन् मंग आतापर्यंत या कूलरात काय फिरत होतं?

ताराचंद : ही दुसरी हाय.

शकुंतलाबाई : दुसरी? दसऱ्याच्या पूजेले तुमच्या दादानं लाल रंगानं स्वस्तिक काढलं होतं मोटरवर. एक पाय वाकडा झाला म्हणून मी हासली होती. हे पाहा. हाय का नाई वाकडा?

ताराचंद : वहिनी...

शकुंतलाबाई : जळली होती का नाई? तोंडानं सांगा.

ताराचंद : नव्हती जळली. पण उन्हाळाभर चालली असती तं जळलीच असती ना! गांजाचं बी मी तवाच आणून ठेवलं होतं. म्हटलं, मोटर जपून ठेवू, पुढं कामी येईन. मायचं मले काय मालूम? म्हटलं, म्हातारं माणूस हाय, दोन दिवसात बरं होईन.

शकुंतलाबाई : पुठ्ठ्यानं वारा घातला मी तिले. हात बदलवून बदलवून. अन् तू दाराशी उभा राहून म्हणत होता, घाल वहिनी, अजून घाल. लाज नाई वाटली तुले, ताराचंद?

ताराचंद : तू मले नावानं हाका मारून राह्यली?

शकुंतलाबाई : मंग काय भाऊजी म्हणू?

(बाहेर सायकलची घंटी वाजते.)

ताराचंद : आले ते! वहिनी, पाय धरतो तुहे. एवढी एक वेळ सांग. नाई तं तुलेबी नेतीन.

शकुंतलाबाई : नेऊ दे. या खोलीची चाबी कोणापाशी होती ते सांगीन, अन् मोटर कोणापाशी होती तेबी सांगीन. मी खोटं बोलत नाई, तूच म्हणला ना?

ताराचंद : मंग मी काय करू वं आता?

शकुंतलाबाई : ते बटन लाव.

ताराचंद : लावू?

शकुंतलाबाई : लाव. अन् कूलरचं तोंड भिंतीकून काढून घरात फिरव.

ताराचंद : सारा वास घरात येईन ना!

शकुंतलाबाई : येऊ दे. पुढच्या खोलीतून तुह्या मायचा फोटो आण खिळ्यावरचा, अन् ठेव इथं, वाऱ्यापुढं.