बंडूकाकांची तक्रार

खरं सांगतो, बंडूकाकांच्या गॅरेजवर मी भांडायलाच गेलो होतो. माझ्या मित्राच्या, पंकजच्या जीपचा सायलेन्सर त्यांनीच कापून दिला होता. सगळं बोरगाव मेघे हादरत होतं.

“काका, आवाजाचा नियम आहे ना? काऊन कापून देता?”

काका माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते.

“तीस वर्षं इंजिनाचा बिघाड कानानं ओळखला मी. या नवीन गाड्याईले आवाजच नाई राह्यला, बाप्पा!”

तेवढ्यात पंकज आला आणि काकांच्या पाठीमागेच त्यानं जीप रेस केली. मी दोन्ही कान दाबले. काका वळलेसुद्धा नाहीत.

जीप बंद झाल्यावर त्यांनी मला विचारलं, “पंकज येणार होता ना? काऊन नाई आला अजून?”