धोंडुबाईनं पेटवलेली विडी

रेश्मा : खोटं बोलू नका, आप्पा. वास येतोय.

अर्जुना : एकच वडली गं. सकाळपास्नं एकच. आठ दिस झालं ह्या मिरजंत बसून, माणसानं करायचं तरी काय?

रेश्मा : आत खोलीत आई नाकाला नळी लावून बसलीय आणि तुम्ही दवाखान्याच्या गेटाबाहेर जाऊन विडी ओढून येताय. आज तिला घरी सोडणार आहेत, माहिताय ना?

अर्जुना : म्हनून तर गाडी सांगितलीया. दुपारच्याला कवठं महांकाळ गाठू, तितनं गाव किती लांब?

रेश्मा : ऑक्सिजनचं मशीन बरोबर द्यायचंय. डॉक्टर म्हणाले, ज्या घरात विडी पेटते तिथं ते ठेवायचं नाही. नळीपाशी ठिणगी पडली तर माणूस भाजतं. आणि धूर आत जात राहिला तर मशीन असून काय उपयोग? तुम्ही विडी सोडा, नाहीतर मी आईला माझ्याकडं मलकापूरला नेते.

अर्जुना : बायकू माझी आन ऱ्हानार लेकीच्या दारात? लोक काय म्हनतील?

रेश्मा : लोकांचं राहू द्या बाजूला.

अर्जुना : मला एक कळंना बघ. पन्नास वर्सं विडी वडली मी. तिनं शौक म्हनून कवा वडली न्हाई. मग तिलाच कसं झालं? दुसऱ्याच कुनाच्या छातीचा फोटू असंल त्यो.

रेश्मा : डॉक्टरांनी विचारलं तिला, मावशी, विडी ओढता का? नाही म्हणाली. मग म्हणाली, ह्यांना पेटवून देते तेवढंच.

अर्जुना : व्हय, द्यायची की. मेंढरं घिऊन आमी कऱ्हाडाकडं उतरायचो. पाऊस लागला की काडीपेटी भिजायची, जाळ काय त्यो कापडाच्या पालातल्या चुलीत. ही चुलीवर विडी धरायची, दोन झुरकं मारून पेटती ठिवायची आन पदराआड धरून मेंढरांपाशी आनून द्यायची. लोक म्हनायची, नशीबवान हायस गड्या. म्होरं घर बांधलं, काडीपेटी कोरडी ऱ्हायली, तरी मी तिलाच सांगायचो. तिनं पेटवलेली लय ग्वाड लागायची मला.

रेश्मा : दिवसाला किती?

अर्जुना : एक बंडल.

रेश्मा : म्हणजे वीस-पंचवीस वेळा ती धूर आत घेत होती. वर तुमचा धूर, चुलीचा धूर, आणि पाल ते केवढं! फुफ्फुसात बारीक बारीक पिशव्या असतात, आप्पा, द्राक्षाच्या घडासारख्या. धुरानं त्या फाटतात, दोन-चार मिळून एक होते. हवा आत जाते आणि अडकून बसते. फाटलेल्या पिशव्या परत शिवता येत नाहीत.

अर्जुना : म्हंजी मी केलं हे.

रेश्मा : मी तसं म्हणले का?

अर्जुना : तू न्हाई म्हनलीस. मी म्हनतो.

रेश्मा : काल तुम्हाला पण त्या यंत्रात फुंकायला लावलं ना? तुमचा श्वास निम्माच भरला. आज सोडलीत तर उरलेला निम्मा तरी टिकेल. सोडायला गोळ्या मिळतात, डॉक्टर देतो म्हणालेत. नुसत्या मनाच्या जोरावर झगडायचं नाही.

(दोघं आत, धोंडुबाईच्या खाटेपाशी.)

धोंडुबाई : ऐकलं मी... समदं. दार उघडं हुतं.

अर्जुना : धोंडे, घरला चल. हे बघ, बंडल टाकलं. आजपास्नं बंद.

धोंडुबाई : मागं बी टाकलं हुतं... दोनदा.

अर्जुना : तवा तू आजारी न्हवतीस.

धोंडुबाई : बिरोबाची आन घेतलीसा. तिसऱ्या दिशी... माझ्याकडंच आलासा. पेटवून दे म्हनलासा.

अर्जुना : आन तू दिलीस.

धोंडुबाई : दिली. त्येचंच भ्या हाय मला. तुमचं हात कापाय लागत्यात... घास उतरत न्हाई. मला बघवत न्हाई ते. तुमी मागितलीसा तर ही नळी काढून ठिवीन... आन चुलीपाशी जाईन.

रेश्मा : आई, काहीतरीच काय बोलतेस?

धोंडुबाई : खरं बोलते, बाळ. ह्यास्नी न्हाई म्हनाय... शिकलेच न्हाई मी. म्हनून तुझ्याकडं येते.

अर्जुना : मला सोडून?

धोंडुबाई : मी जवळ असले... तर तुमची सुटायची न्हाई.

अर्जुना : किती दिस, रेश्मा?

रेश्मा : तीन महिने. तेवढे दिवस एकही विडी ओढली नाही, तर मी स्वतः आईला आणून सोडते.

अर्जुना : तीन म्हैनं. आन तवर हिचं... डागदर काय म्हनला? किती दिस हायत हिच्यापाशी?

रेश्मा : ते मी विचारलं नाही, आप्पा. धीर झाला नाही.

अर्जुना : धोंडे, तुझ्या जीवाचं मी काय करून ठिवलं गं.

धोंडुबाई : रडू नगासा. खोकला उठंल तुमास्नी.

अर्जुना : तीन म्हैनं थांबशील न्हवं?

धोंडुबाई : श्वास पुरंल तवर थांबते. तुमी लवकर सोडा.