उघड्या पोटाचा फोटो

भोसरीच्या स्टॉपवर चाकणच्या बसची वाट बघत माझ्यामागं दोघी बोलत होत्या.

"कस्तुरा, प्रदर्शनात उघड्या पोटाचा फोटो लावू देणार तू?"

"उद्याच लागतोय, कुसुमताई."

"बाळंतपणाचे वळ तरी पुसायला सांगायचे त्या फोटोवालीला."

"तिनं इचारलं व्हतं. म्या म्हनलं, नांगराची तासं पुसली तर रान पडीक दिसंल."

"अगं, लोक ओळखतील."

"वळखूदेत की. खाली नाव लिवाया लावलंय."

"आणि तुझे मालक, किसनभाऊ?"

"आठवडाभर बोलत न्हवते. काल त्या फोटोवालीकडं जाऊन फोटो बघून आले. म्हनले, नाव लिवलंच हाय, तर माझं आडनाव बी घाल."

"मग घातलंस?"

"न्हाई. पोट माझं एकटीचं हाय."