दुसरा हात

मासळीच्या दुकानातल्या रांगेत म्हातारबुवांनी पुस्तकात डोकं घातलं होतं खरं, पण पुढं उभ्या असलेल्या नणंद-भावजयींचं बोलणं कानावर येतच होतं.

"वहिनी, काल दादा जेवला म्हणे?"

"पोटभर! आई गेल्यापासून नुसतं ताट चिवडत होते गं. काल आईंसारखाच मासा केला. संत्र्याचा रस मधात आटवला, कोथिंबीर घातली, माशाला लावला आणि ओव्हनमध्ये ठेवला."

"आणि शेवटी त्याच रसाचा दुसरा हात? त्याशिवाय चकाकी येत नाही, आई म्हणायची."

"तोच राहिला! फोन आला म्हणून मी बाहेर गेले. परत येऊन बघते तर मासा आरशासारखा चकाकतोय. हे म्हणाले, अगदी आईच्या हातचा!"

"दादानंच फिरवला असेल."

"त्यांनी? त्यांना चहा गाळता येत नाही!"

नणंदेनं भावजयीचं मनगट धरलं. म्हातारबुवांचं पान उलटायचं राहिलं.

"काय झालं गं?"

"माशाला रस लावायचा आईचा ब्रश मी आठवण म्हणून नेला होता ना, तो माझ्या कपाटात असतो. आज सकाळी बघितला तर ओला होता. संत्र्याचा वास येत होता त्याला."

"अगंबाई! आज पुन्हा तोच मासा मागितलाय यांनी. नाहीच करत मी."

"करायचा. दादाला परत उपाशी ठेवणार आहेस? फक्त पहिला हात फिरवलास की स्वयंपाकघरातून बाहेर ये, आणि दार ओढून घे."