नळातलं चामडं

नळ विकणं सोपं वाटतं ना? मग राजाजीनगरच्या अक्कांचं ऐका. शहराबाहेरच्या तलावाचं पाणी त्यांच्या गल्लीत नुकतंच पोचलं होतं. अक्कांनी माझ्याकडून नळ घेतला की सगळी गल्ली घेणार, हे ठरलेलं. मी दुकानात ऐटीत पितळी नळ खोलून आतली कारागिरी दाखवली. आत पाणी अडवणारी चामड्याची चकती होती.

"चामड्यातलं पाणी देवाला घालू?" अक्कांनी नळ परत केला. त्यांच्यामागे उभ्या शेजारणीही निघू लागल्या.

"स्वल्प थांबा, अक्का. सध्या पाणी कुठून आणता?"

"मळ्यातल्या विहिरीवरून."

"तिथली मोट कशाची असते? चामड्याचीच ना?"

अक्का म्हणाल्या, "मोट मी कधी जवळून पाहिली नाही, अण्णा. नळ मात्र तू खोलून दाखवलास."

मी दुकानात आत गेलो, चामडं काढून रबराची चकती बसवली आणि नळ पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. "खोलून दाखवू?"

"नको," अक्का म्हणाल्या. "असाच बांधून दे. आणि या शेजारणींचेही बांधून दे, न खोलता."